'यावर काहीच काम झालेलं नाही' असं लिहिण्याआधी

सिनॉप्सिसची, म्हणजे थीसिसच्या आराखड्याची, तारीख जवळ आली की आमच्या ग्रंथालयात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "मॅडम, माझ्या टॉपिकवर लिटरेचरच नाही." यंदाही आलं. मेडिसिनचा पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर, नाइट ड्यूटी करून वॉर्डातून थेट आलेला. विषय विंचूदंश. पबमेडमध्ये, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत, त्यानं टाकलं होतं : हॉटेंटोटा टॅम्युलस, प्राझोसिन (रक्तदाबाचं औषध), कोकण. हाताला जवळपास काहीच लागलं नव्हतं, आणि त्यामुळे स्वारी खूश होती. मैदान मोकळं!

मी विचारलं, "विंचूदंशावर काम करणाऱ्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव ऐकलंयस ना?"

"म्हणजे काय मॅडम, सगळ्यांनीच ऐकलंय."

"मग त्यांचा एकही लेख तुझ्या यादीत कसा नाही रे?"

तो गप्प. उत्तर त्यानं टाइप केलेल्या तीन शब्दांतच होतं. आपल्या लाल विंचवाचं शास्त्रीय नाव आजच्या पुस्तकात हॉटेंटोटा टॅम्युलस आहे. त्याआधी बरीच वर्षं तो मेसोब्यूथस टॅम्युलस होता, आणि त्याच्याही आधी ब्यूथस टॅम्युलस. विंचू तोच, वाडीतल्या चिऱ्याखाली बसलेला. पण चाळीस वर्षांपूर्वी लेख लिहिणाऱ्याला पुढे नाव बदलणार हे कुठून कळणार? शिवाय 'कोकण' हा शब्दही लेखात असेलच असं नाही. कुणी 'महाड' लिहितं, कुणी 'रायगड', कुणी 'पश्चिम महाराष्ट्र', तर परदेशी वाचकासाठी लिहिताना कुणी नुसतंच 'पश्चिम भारत'. १९८१ च्या आधीचं काही शोधत असाल तर रायगड नव्हे, 'कुलाबा' लागेल. आणि सिंधुदुर्ग तोवर रत्नागिरीतच होता.

हा लेख अशा पहिल्यांदाच शोधायला बसणाऱ्यांसाठी आहे. वैद्यकीय असाल, नर्सिंगचे, फिजिओथेरपीचे, आयुर्वेदाचे किंवा एखाद्या आरोग्य संस्थेत काम करणारे, पद्धत बदलत नाही. उदाहरण मी विंचवाचंच ठेवते.

एवढा खटाटोप कशासाठी

रिव्ह्यू ऑफ लिटरेचर म्हणजे विषय ठरल्यानंतर भरायचं प्रकरण, असा अनेकांचा समज असतो. गाइड विषय देतात, मग मागच्या बॅचच्या थीसिसमधून संदर्भ उचलले जातात. यात नुकसान फक्त मार्कांचं होत नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव कमी व्हावा म्हणून ॲप्रोटिनिन नावाचं औषध देत असत. १९८७ ते २००२ या काळात त्यावर ६४ ट्रायल, म्हणजे रुग्णांवरच्या चाचण्या, झाले. नंतर कुणीतरी ते सगळे ओळीनं मांडून हिशोब केला, तेव्हा दिसलं की बाराव्या ट्रायलनंतर, म्हणजे १९९२ मध्येच, औषधानं रक्तस्राव कमी होतो हे स्पष्ट झालं होतं. पुढच्या पन्नासेक ट्रायलमधले कित्येक रुग्ण उत्तर माहीत असलेल्या प्रश्नासाठी, केवळ तुलनेपुरते, औषधाविना राहिले. नव्या ट्रायलवाल्यांनी आधीच्यांपैकी फार थोड्यांचेच संदर्भ दिले होते. म्हणजे लेख होते, फक्त पाहिले गेले नव्हते.

प्रश्न फोडून घ्या

कीबोर्डला हात लावण्याआधी कागद घ्या. आमच्या डॉक्टरचा विषय होता 'विंचूदंशाच्या रुग्णांचा अभ्यास'. असे विषय मी वर्षानुवर्षं पाहते आहे. त्यांत प्रश्नच नसतो, त्यामुळे शोधायचं काय हेही ठरत नाही.

चार गोष्टी स्वतःला विचारा. रुग्ण कोण? त्यांना काय दिलं? कशाशी तुलना? आणि शेवटी मोजणार काय? संशोधनाच्या वर्गात यालाच पिको म्हणतात. त्याच्याकडून काढून घेतलेलं उत्तर असं होतं : लाल विंचू चावलेले रुग्ण, प्राझोसिनबरोबर विंचवाची लस, तुलना नुसत्या प्राझोसिनशी, मोजायचं काय, तर लक्षणं जायला लागलेला वेळ. ('लस' हा वॉर्डातला आणि गावातला शब्द. शोधताना तो प्रतिविष, म्हणजे अँटिव्हेनम.)

प्रत्येक विषय या साच्यात बसत नाही. 'विंचू चावल्यावर लोक आधी मांत्रिकाकडे का जातात' या प्रश्नात तुलना कुठून आणणार? तिथे तो रकाना रिकामा सोडा. ओढूनताणून भरू नका.

शब्दांचा तक्ता

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माझ्या अनुभवानं शोध फसतो तो इथेच, पबमेड वापरता न आल्यानं नव्हे.

वहीच्या पानावर उभे रकाने आखा, प्रत्येक मुद्द्याला एक. आणि त्या मुद्द्याला जगात कोण कोण काय काय म्हणतं ते खाली लिहीत जा. आम्ही दोघांनी भरलेलं पान अजून माझ्या टेबलावर आहे. पहिल्या रकान्यात विंचू : स्कॉर्पिअन, रेड स्कॉर्पिअन, आणि ती तिन्ही लॅटिन नावं. दुसऱ्यात दंश : स्टिंग, बाइट, एन्व्हेनोमेशन, एन्व्हेनॉमिंग, स्कॉर्पिओनिझम. 'बाइट' लिहिताना डॉक्टरसाहेब हसले, "विंचू चावतो कुठे मॅडम, नांगी मारतो." बरोबर आहे, पण मराठीत आपण विंचू चावला असंच म्हणतो, आणि इंग्रजीत लिहिताना कित्येक जण तेच उतरवतात. शोधताना लोक काय लिहितात ते धरायचं. काय लिहायला हवं होतं याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही.

तिसरा रकाना उपचाराचा : प्राझोसिन, अल्फा ब्लॉकर, अँटिव्हेनम, अँटिव्हेनिन, अँटिसीरम, अँटिस्कॉर्पिअन व्हेनम सीरम. चौथा परिणामाचा, आणि तिथे स्पेलिंगची भानगड. फुप्फुसात पाणी होणं म्हणजे पल्मनरी इडिमा. ब्रिटिश पद्धतीनं तो शब्द 'ओ' अक्षरानं सुरू होतो, अमेरिकन पद्धतीनं 'ई'नं. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये (बीएमजे) १९६१ साली विंचूदंशानंतरच्या पल्मनरी इडिमावर भारतातून गेलेला लेख आहे. तुम्ही फक्त 'ई'वालं स्पेलिंग शोधलंत तर असे लेख निसटू शकतात. बालरोग, रक्तक्षय, अतिसार, स्त्रीरोग या सगळ्यांच्या इंग्रजी शब्दांत हाच घोळ आहे. दोन्ही स्पेलिंगं लिहून ठेवा.

हे शब्द आणायचे कुठून? एक-दोन चांगले लेख आधीच हाताशी असतील तर त्यांची शीर्षकं आणि कीवर्ड पाहा. दुसरी जागा म्हणजे मेश. ही अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची विषय-मथळ्यांची यादी, १९६० पासूनची. एखाद्या लेखात दंशाला काहीही म्हटलेलं असो, त्याला 'स्कॉर्पिअन स्टिंग्ज' हा ठरावीक मथळा लावला जातो. आम्हा ग्रंथपालांना हे नवं नाही. जुन्या कार्ड कॅटलॉगमध्ये आम्ही हेच करत होतो. मेशच्या पानावर त्या मथळ्याखाली त्याचे पर्यायी शब्दही दिलेले असतात. ते सरळ आपल्या तक्त्यात उतरवून घ्या.

आधी कुणी सगळं गोळा केलंय का ते पाहा

तुमच्या प्रश्नावर आधीच कुणी सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, म्हणजे सगळे अभ्यास ठरावीक पद्धतीनं शोधून घेतलेला आढावा, केला असेल तर तुमचे काही आठवडे वाचतात. असे रिव्ह्यू जिथे ठेवलेले असतात ती कॉक्रेन लायब्ररी पाहा, आणि पबमेडमध्ये सिस्टिमॅटिक रिव्ह्यूची चाळणी (फिल्टर) लावून पाहा. विंचूदंशाच्या उपचारांवरच्या नियंत्रित ट्रायलचा असा रिव्ह्यू २०१७ मध्ये आलेला आहे. आमच्या डॉक्टरला तो पहिल्या पंधरा मिनिटांत सापडला आणि अर्धी संदर्भसूची तयार मिळाली. कुणी सध्या रिव्ह्यू करत बसलंय का हे प्रॉस्पेरोवर कळतं. ही ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठाची नोंदवही, २०११ पासूनची.

रिव्ह्यू मिळाला तरी तुमचा शोध संपत नाही. त्यांनी कुठल्या तारखेपर्यंत शोधलं ते पद्धतीच्या भागात लिहिलेलं असतं. तिथून पुढचं तुम्हाला पाहायचं आहे.

पबमेडमध्ये बसताना

पबमेड १९९७ पासून सगळ्यांना फुकट आहे. त्याआधीच्या लोकांनी इंडेक्स मेडिकसचे जाडजूड खंड चाळले. १८७९ पासून निघणारी ती सूची २००४ ला छापायची बंद झाली. आमच्याकडे तळमजल्यावर काही खंड अजून आहेत, कुणी मागत नाही.

शोधाचं व्याकरण सोपं आहे. एका रकान्यातले शब्द एकमेकांना 'ऑर'नं जोडायचे आणि त्याला कंस घालायचा. मग कंस एकमेकांना 'अँड'नं जोडायचे. देवनागरीत लिहून दाखवायचं तर :

(स्कॉर्पिअन ऑर ब्यूथस ऑर मेसोब्यूथस ऑर हॉटेंटोटा) अँड (प्राझोसिन ऑर अँटिव्हेनम ऑर अँटिव्हेनिन)

टाइप अर्थातच इंग्रजीत करायचं. 'अँड', 'ऑर', 'नॉट' कॅपिटल अक्षरांत. कंस विसरलात तर पबमेड वाक्य डावीकडून उजवीकडे वाचत जातं आणि तुमच्या मनातला अर्थ त्याला कळत नाही. शब्दाच्या मुळापाशी थांबून तारा, म्हणजे ॲस्टेरिस्क, दिला की पुढची सगळी रूपं येतात. 'अँटिव्हेन' इतकंच लिहून तारा द्या, अँटिव्हेनम आणि अँटिव्हेनिन दोन्ही येतील. ताऱ्याआधी किमान चार अक्षरं हवीत.

एक गंमत लक्षात ठेवा. साधा शब्द टाकला की पबमेड गुपचूप त्याला स्वतःचे समानार्थी शब्द आणि मेशचा मथळा जोडतं. पण अवतरणचिन्हं किंवा तारा वापरला की ही मदत बंद होते. नेमकं काय शोधलं गेलं ते 'ॲडव्हान्स्ड'च्या पानावर, हिस्टरीत, तपशील उघडून दिसतं. ते एकदा तरी उघडाच. टाइप केलं एक आणि पबमेडनं शोधलं भलतंच, असं तिथे कितीदा तरी दिसतं.

मग फक्त मेशचा मथळाच का वापरू नये? कारण पबमेडमधल्या सगळ्याच लेखांना मेश लागत नाही. आपल्याकडची बरीच नियतकालिकं पबमेड सेंट्रलच्या, म्हणजे पूर्ण लेख फुकट ठेवणाऱ्या भांडाराच्या, वाटेनं पबमेडात आलेली आहेत, त्यांच्या लेखांवर मथळा नसतो. नुसत्या मेशवर विसंबलात तर नेमके भारतातले लेख गळतील. म्हणून मेशचा मथळा 'ऑर' शीर्षक-सारांशातले शब्द, असं दोन्ही जोडून घ्या.

'नॉट' शक्यतो वापरू नका. साप नको म्हणून आमच्या डॉक्टरनं 'नॉट स्नेक' टाकलं, आणि साप-विंचू दोन्हींवर लिहिलेले, ग्रामीण रुग्णालयांचे सगळे लेख एका फटक्यात गायब झाले.

पहिल्या खेपेला हजारो लेख आले तर घाबरू नका, आणि चारच आले तर खूश होऊ नका. चार आले की आधी परिणामाचा रकाना काढून टाकून बघा. लेखकांनी सारांशात परिणाम लिहिलेलाच असतो असं नाही. विंचू आणि उपचार एवढे दोन कंस बहुतेक वेळा पुरतात.

चाळण्या जपून

पबमेडच्या डाव्या बाजूला खुणा करायच्या चौकटी असतात. मोह होतो. माझी स्वतःची चूक सांगते. नोकरीची पहिली वर्षं, दुसऱ्या एका कॉलेजात. एका विद्यार्थिनीला मी शोध करून दिला आणि तिची सोय व्हावी म्हणून 'फ्री फुल टेक्स्ट'ची खूण केली. मोठ्या नियतकालिकांतले पैसे भरून वाचायचे लेख अर्थातच आले नाहीत. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी तिला त्यातल्याच एका गाजलेल्या ट्रायलबद्दल विचारलं. ती मुलगी रडत ग्रंथालयात आली होती. त्यानंतर ती खूण मी कुणाला करू दिलेली नाही. फुकट मिळतं का हा प्रश्न नंतरचा.

'ॲब्स्ट्रॅक्ट' (सारांश) असलेलेच लेख दाखव ही दुसरी चौकट. डॉ. बावस्करांनी प्राझोसिनचा वापर जगासमोर मांडला तो लॅन्सेट या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात, १९८६ साली. आणि तो होता संपादकांना पाठवलेल्या पत्राच्या रूपात. त्याआधी १९८२ मध्येही लाल विंचवाच्या दंशाच्या सुरुवातीच्या लक्षणांवर त्यांनी तिथेच लिहिलं होतं. विंचवाच्या विषानं शरीरात ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तदाब चढतो, हातपाय गार पडतात, दरदरून घाम फुटतो, पुढे फुप्फुसात पाणी होतं. रक्तदाबाची साधी गोळी हे चक्र तोडते, हा तो मुद्दा. पत्रांना सारांश नसतो. म्हणजे खूण केली की या विषयाचा पायाच यादीतून बाहेर.

'ह्यूमन्स'ची चौकटही तशीच फसवी. ती मेशवर चालते, त्यामुळे मथळा न लागलेले माणसांवरचे लेखही ती टाकून देते. भाषेची चाळणी विषय पाहून लावा. विंचूदंशावर मेक्सिको, ब्राझील, ट्युनिशिया, इराण इथे भरपूर काम झालं आहे आणि सगळं इंग्रजीत नाही.

आणि वर्षांची चाळणी. 'गेल्या दहा वर्षांतलेच संदर्भ हवेत' असं गाइड सांगतात. थीसिसमध्ये काय छापायचं ते त्यांच्या म्हणण्याप्रमाणे छापा, पण शोधताना मागे जा. २००१ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्यासंबंधीच्या एका प्रयोगात २४ वर्षांच्या निरोगी तरुणीला हेक्झामेथोनियम श्वासावाटे दिलं गेलं. तिची फुप्फुसं निकामी झाली आणि महिन्याभरात ती गेली. प्रयोग करणाऱ्यांनी पबमेड पाहिलं होतं. त्या वेळी ते १९६६ पर्यंतच मागे जात होतं. या औषधानं फुप्फुसांना इजा होते हे १९५० च्या दशकातल्या लेखांत छापलेलं होतं. आज पबमेड १९४० च्या दशकापर्यंत मागे जातं, पण त्या काळातलं सगळं त्यात नाही आणि बहुतेक जुन्या नोंदींना सारांशही नाही. रुग्णाला काही टोचणार, पाजणार, हुंगवणार असाल तर हे विसरून चालणार नाही.

पबमेडच्या बाहेर

गूगल स्कॉलर सगळेच वापरतात. वापरा, पण ते किती लेख सापडले हे अंदाजे सांगतं, पहिल्या हजारापलीकडचं दाखवत नाही, आणि आज केलेला शोध उद्या तसाच मिळेल याची खात्री देत नाही. त्याचा खरा उपयोग पुढे सांगते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया विभागातल्या, म्हणजे भारतातल्याही, नियतकालिकांसाठी संघटनेची इमसिअर ही सूची आहे. इंडियन पीडिॲट्रिक्स, मुंबईहून निघणारं जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन, असोसिएशन ऑफ फिजिशियन्सचं जापी, यांच्या साइटवर स्वतंत्रपणे शोधायला लाजू नका. विंचवाच्या लसीबद्दल पश्चिम महाराष्ट्रातल्या एका ग्रामीण रुग्णालयाचा अनुभव २००६ साली जापीतच आला होता.

सीटीआरआय, म्हणजे भारताची क्लिनिकल ट्रायल नोंदणी, जुलै २००७ पासून आहे. तिथे शोधलं तर आत्ता कुणाचं काय चालू आहे ते कळतं, छापून यायच्या आधीच. अलीकडे पदव्युत्तर थीसिसही तिथे नोंदलेले दिसतात, तेव्हा शेजारच्या जिल्ह्यातलं कॉलेज तुमचाच विषय करतंय का तेही दिसेल. शोधगंगावर प्रामुख्यानं पीएचडीचे प्रबंध असतात. एमडी-एमएसचे थीसिस तिथे फारसे मिळत नाहीत. त्यासाठी ग्रंथालयातलं मागच्या भिंतीचं कपाट. धूळ झटका आणि पाहा.

लेख पूर्ण मिळत नसेल तर आधी तुमच्या ग्रंथपालांना विचारा. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालं. केंद्र आणि राज्य सरकारी अशा सुमारे ६,३०० संस्थांना ३० प्रकाशकांची १३,००० च्या आसपास नियतकालिकं त्यातून वाचता येतात. तुमचं कॉलेज सरकारी असूनही कुणाला लॉगिन माहीत नाही असं मी पाहिलेलं आहे. खासगी कॉलेजात असाल तर लेखकाला दोन ओळींची मेल करा. बहुतेक जण पाठवतात. आपला लेख कुणीतरी मागितला याचाच आनंद असतो.

एका लेखावरून दुसऱ्यावर

चांगला एक लेख मिळाला की त्याच्या शेवटची संदर्भसूची वाचा. हे झालं मागे जाणं. मग गूगल स्कॉलरवर त्याच लेखाखालच्या 'साइटेड बाय'वर टिचकी मारा. त्याला कुणी कुणी उद्धृत केलं ते दिसेल. हे पुढे येणं. १९८६ च्या पत्रापासून असं पुढे आलात की ट्युनिशिया, तुर्कस्तान, सौदी असं फिरून परत महाडला पोहोचता. पबमेडमधलं 'सिमिलर आर्टिकल्स'ही कामाचं आहे. शब्द चुकल्यामुळे सुटलेले लेख या वाटेनं सापडतात, आणि त्यांत वापरलेले नवे शब्द वहीतल्या तक्त्यात जातात. मग पबमेडचा शोध पुन्हा.

थांबायचं कधी? नव्या शोधात ओळखीचीच नावं पुन्हापुन्हा यायला लागली की.

चाळायचं कसं, वाचायचं कसं

सगळे निकाल झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवा. ते फुकट आहे आणि दुबार नोंदी शोधून दाखवतं, त्या एकत्र करता येतात. मग फक्त शीर्षकं वाचत जा. नंतर उरलेल्यांचे सारांश. पूर्ण लेख त्याहून कमी. काढून टाकलेल्या लेखापुढे कारण लिहा, दोन शब्दांत का होईना.

वाचलेल्या प्रत्येक लेखाला तक्त्यात एक ओळ : कुठे, कधी, किती रुग्ण, कोणता विंचू, काय दिलं, काय मिळालं. हा तक्ता भरायला कंटाळा येतो, पण त्याशिवाय गुंता सुटत नाही. आमच्या डॉक्टरच्या तक्त्यात तीन ओळी एकाखाली एक आल्या. ट्युनिशिया, लॅन्सेट १९९९, ८२५ रुग्ण : सरसकट लस देऊन फायदा नाही. ॲरिझोना, न्यू इंग्लंड जर्नल २००९, फक्त १५ मुलं : लसीनं लक्षणं चार तासांत गेली. महाड, बीएमजे २०११, ७० रुग्ण : दहा तासांत लक्षणं गेलेले रुग्ण लस आणि प्राझोसिन मिळून ३५ पैकी ३२, नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८.

"मॅडम, मग खरं कोण?"

"विंचवाचा रकाना बघ," मी म्हटलं.

तिन्हीकडचे विंचू वेगळे, लसी वेगळ्या. ॲरिझोनाचा विंचू मुख्यतः नसांवर परिणाम करतो, आपला हृदयावर. ट्युनिशियात सौम्य-गंभीर सगळ्यांनाच लस दिली होती. महाडला लक्षणं अंगभर पसरलेले रुग्ण निवडलेले. नुसते सारांश वाचून 'याबाबत मतभेद आहेत' असं एक वाक्य थीसिसमध्ये लिहून मोकळं होता आलं असतं, आणि लोक होतातच.

लेख मागे घेतला गेला आहे का हेही पाहा. पबमेडवर तशी पट्टी ठळक दिसते, पण तुम्ही जुनी पीडीएफ मित्राकडून घेतली असेल तर तिच्यावर काहीच नसतं. कोविडच्या काळात हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा लॅन्सेटमधला मोठा लेख २२ मे २०२० ला आला आणि ४ जूनला मागे घेतला गेला. तरीही तो आजही कुणाच्या ना कुणाच्या संदर्भसूचीत भेटतो.

चॅटबॉटबद्दल सगळे विचारतात. शब्दांचा तक्ता भरताना त्याची मदत घ्या, समानार्थी शब्द तो बरे सुचवतो. पण त्याच्याकडून संदर्भ मागू नका. लेखक खरे, नियतकालिक खरं, वर्ष शोभेसं, आणि असा लेख मात्र जगात कुठेच नाही, अशी यादी प्रिंट काढून माझ्याकडे आणलेली मी पाहिली आहे. दिलेला प्रत्येक संदर्भ पबमेडवर उघडून पाहिल्याशिवाय फाइलमध्ये जाऊ देऊ नका.

वही

हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा, किंवा एक्सेलची फाइल. तारीख, कुठे शोधलं, नेमकी ओळ जशीच्या तशी, कोणत्या खुणा केल्या, किती निकाल आले, किती ठेवले. पबमेडवर फुकट खातं उघडलंत तर शोध जपून ठेवता येतो आणि नवा लेख आला की मेल येते. थीसिस पूर्ण व्हायला दोन-अडीच वर्षं जातात. मधल्या काळात काय छापलं गेलं ते अशा मेलमधून कळतं. सादर करण्याआधी तीच ओळ पुन्हा चालवा. 'पबमेडवर शोधले' एवढं लिहिलेल्या माणसाला परीक्षक विचारतात, काय शोधलंत? त्या वेळी वही उघडता यायला हवी.

आमच्या डॉक्टरला हे सगळं करायला ड्यूट्या सांभाळून सतरा दिवस लागले. प्राझोसिनबरोबर लस द्यावी का हा प्रश्न त्यानं सोडून दिला. त्याच्या हाताशी असलेल्या वेळात आणि रुग्णांत त्याला नवं काही जोडता आलं नसतं. पण तक्ता भरताना त्याच्या डोक्यात दुसरंच आलं होतं. विंचू चावल्यापासून पहिली प्राझोसिनची गोळी पोटात जाईपर्यंत किती वेळ जातो, आणि तो कुठे जातो? वाडीतून रस्त्यापर्यंत, मांत्रिकाच्या दारात, की प्राथमिक आरोग्य केंद्रात?

गाइडना प्रश्न पटला. दुसऱ्या दिवशी तो परत आला, त्याच खुर्चीत बसला, वहीचं कोरं पान काढून त्यावर तारीख टाकली आणि रकाने आखले. पहिल्या रकान्यात त्यानं लिहिलं 'उशीर', आणि मान वर करून विचारलं, "मॅडम, याला इंग्रजीत कोण काय काय म्हणत असेल?"